लॉकचा खटका सोडून बाकी ठीक: आर्केड स्टिक, दहा महिन्यांनंतर

आर्केड स्टिक म्हणजे व्हिडिओ गेम पार्लरच्या मशीनसारखा लिव्हर आणि बटनं असलेली, मांडीवर घेऊन खेळायची पेटी. तिचा रंग, वजन, बटनांची मांडणी हे सगळं विक्रीच्या पानावर मिळतं, त्यात मी शिरत नाही. मी सांगणार आहे ते डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या एका खटक्याबद्दल. करंगळीच्या नखाएवढा आहे. त्याने माझी जानेवारीतली एक मॅच खाल्ली, कुरिअरचे ६४० रुपये खाल्ले आणि पुढे तीन महिने माझं डोकं खाल्लं.

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये स्ट्रीट फायटर ६ या मारामारीच्या गेमची छोटी स्पर्धा होती. ३२ जण, दोनदा हरलात की घरी. मी एकदा हरून लूझर्समध्ये, म्हणजे एकदा हरलेल्यांच्या गटात आलेलो. १-१ झालं होतं, तिसऱ्या गेमचा शेवटचा राउंड, समोरच्याचं लाइफ इतकं उरलेलं की एक लाथ लागली असती तरी काम झालं असतं. आणि पडद्यावरचा गेम मागे जाऊन पीएस५चा (प्लेस्टेशन ५ कन्सोलचा) स्वतःचा मेनू पुढे आला. नियम सगळीकडे असतो तोच: चालू राउंडमध्ये ज्याच्यामुळे खेळ थांबला, त्याचा राउंड गेला. मुद्दाम की चुकून, हे कोणी विचारत नाही. समोरचा मुलगा बिचारा ‘दादा, राहू द्या, परत खेळू’ म्हणत होता, पण आयोजकाने मान हलवली. मागे उभ्या असलेल्या सगळ्यांची नजर माझ्या डाव्या मनगटावर. मनगटाखाली लॉकचा खटका.

लॉक कशासाठी असतो हे तुम्हाला माहीत आहे: पीएस, शेअर, ऑप्शन्स ही बटनं खेळताना चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून. पार्लरच्या मशीनला याची गरजच नव्हती. एक रुपयाचं टोकन टाकून मुस्तफा आणि केओएफ ९७ खेळत मी मोठा झालो, तिथे खेळ मध्येच थांबवायची सोय फक्त दोघांकडे होती, एक पार्लरचा मालक आणि दुसरी शोधत आलेली आई. एव्होसारख्या मोठ्या स्पर्धेनेसुद्धा २००४ साली आर्केडची कॅबिनेटं सोडून सगळे गेम कन्सोलवर नेले. कन्सोल आला तसं पॉजचं बटन आलं, आणि पॉजच्या मागोमाग हा लॉक.

माझ्या स्टिकवर तो मनगट टेकतं तिथून दोन बोटांवर बसवलाय. शेजारी टर्बोचा खटका, हुबेहूब तसाच, त्याच रंगाचा. टर्बो म्हणजे बटन दाबून धरलं की ते आपोआप भराभर दाबलं जातं, आणि त्याला स्पर्धेत बंदी असते. म्हणजे एक खटका चुकून सरकला तर राउंड जाणार, दुसरा सरकला तर चार लोकांत चोर ठरणार. हे डिझाइन करणारा माणूस आयुष्यात एकदाही मांडीवर स्टिक घेऊन बसलेला नसावा. त्यात चौथ्या महिन्यापासून लॉकचा खटका ढिला झाला. बॅगेतून काढली की निम्म्या वेळा तो उघड्या बाजूला सरकलेला.

घेतली ऑगस्टमध्ये, १६,८०० रुपयांना, सहा महिन्यांची वॉरंटी. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही. त्याआधी सगळं पॅडवरच, म्हणजे दोन्ही हातांत धरायच्या साध्या कंट्रोलरवरच खेळायचो आणि खरं सांगायचं तर पॅडने काही अडत नव्हतं. २०१४ साली अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ मध्ये एव्हो जिंकणाऱ्या फ्रान्सच्या लुफीने पहिल्या प्लेस्टेशनचं जुनं पॅड वापरलं होतं. ही गोष्ट मी एकदा जेवताना मोठ्या कौतुकाने बायकोला सांगितली. स्टिकचं पार्सल आलं त्या दिवशी तिने मला ती शब्दशः परत ऐकवली.

स्टिक म्हणून स्टिक चांगली आहे, हे कबूल करतो. लिव्हर सान्वा या जपानी कंपनीचा जेएलएफ, अस्सल. गेट, म्हणजे लिव्हर ज्या चौकटीत फिरतो ती, चौकोनी, त्यामुळे पहिले तीन आठवडे माझे शोर्यूकेन (उडी मारून ठोसा) कोपऱ्यात अडकायचे, मग हाताला कळलं. बटनं मात्र कंपनीची स्वतःची होती आणि पाचव्या महिन्यात मीडियम पंचचं बटन एका दाबात दोनदा लागायला लागलं. सान्वाची ओबीएसएफ-३० बटनं मागवली. आठातली सहाच बदलली, २,१०० रुपयांत, कारण सातवं-आठवं मी वापरतच नाही. सोल्डरिंग लागत नाही, ०.११० इंचाचे कनेक्टर काढायचे आणि घालायचे. आता पॅनेलवर सहा बटनं पांढरी आणि दोन काळी आहेत. आईने विचारलं, पेटीच्या या दोन पट्ट्या तुटल्यात का? तिच्या लेखी ही हार्मोनियमच आहे.

आता सेटअप, कारण स्टिक एकटी कुठेच जात नाही. आमच्याकडे स्वतःचा कन्सोल आणि मॉनिटर आणला की ३०० रुपये प्रवेश फी माफ. या ३०० रुपयांसाठी मी पीएस५ पाठीवर, स्टिक खांद्यावर आणि २४ इंची मॉनिटर ॲक्टिव्हाच्या पायाजवळ उभा करून वारज्याहून जातो. पीएस५ची पॉवर केबल जुन्या टेपरेकॉर्डरच्या वायरीसारखी, आठच्या आकड्याच्या तोंडाची असते. एकदा घरी विसरलो तर हॉलच्या वॉचमनने त्याच्या रेडिओची काढून दिली. बसली.

मॉनिटरबद्दल एकच सांगतो. खोक्यावर जे १ मिलिसेकंद छापलेलं असतं ते पिक्सेलचा रंग बदलायला लागणाऱ्या वेळाचं. बटन दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत किती वेळ जातो, तो आकडा वेगळा, आणि तो खोक्यावर कोणी छापत नाही. गेम सेकंदाला ६० फ्रेम चालतो, म्हणजे एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंद. ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जोरदार फटका २६ फ्रेमनी लागतो, म्हणजे सुमारे ४३३ मिलिसेकंद. एवढ्यात तो दिसला पाहिजे, डोक्याला कळला पाहिजे आणि हाताने उलट मारला पाहिजे. गेम मोड न लावलेल्या टीव्हीने त्यातले ८० खाल्ले तर जवळजवळ पाच फ्रेम गेल्या. परफेक्ट पॅरीला, म्हणजे वार अगदी ऐन वेळी अडवायला, तर दोनच फ्रेम मिळतात. पहिल्या वर्षी आम्ही कोणाच्या तरी दिवाणखान्यातल्या ५५ इंची टीव्हीवर खेळायचो आणि आपली रिॲक्शन म्हातारी झाली असं मला मनापासून वाटायचं. एका ऑफिसने काढून टाकलेला साधा २४ इंची मॉनिटर ४,००० ला घेतला आणि मी पुन्हा तरुण झालो. स्पीकर नाहीत, हेडफोनचं एकच भोक, त्यात ९० रुपयांचा स्प्लिटर. बस्स.

कन्सोलची दुसरी डोकेदुखी म्हणजे पात्रं. मूळ गेममध्ये १८, नंतरची विकत. माझी सगळी घेतलेली आहेत, तरी एकदा हॉलमध्ये नेट नव्हतं आणि अकुमा या विकतच्या पात्राला कुलूप. कारण ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ एका अकाउंटला एकाच पीएस५वर चालतं, आणि ते मी औदार्याने भाच्याच्या कन्सोलवर चालू करून ठेवलं होतं. अकुमा खेळणारे दोघे माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती अजून आठवते. फुकटात सेटअप मांडणाऱ्याला सगळे शिव्या देतात.

तर सर्व्हिस. जानेवारीच्या शेवटी, वॉरंटीचे काही दिवस उरलेले असताना फोन केला.

‘सर, स्टिक चालू होते का?’
‘होते.’
‘सगळी बटनं चालतात?’
‘चालतात. लॉकचा खटका ढिला आहे.’
‘मग सर, लॉक लावू नका.’

मी शांतपणे स्पर्धेचा नियम समजावला. पलीकडचा मुलगा तितक्याच शांतपणे म्हणाला, ‘पण सर, गेम तर परत चालू करता येतो ना?’ त्याचं चुकलं नाही, त्याच्या जगात पॉज म्हणजे चहाची सुट्टी. पाठवून द्या म्हणाले. ६४० रुपये कुरिअर, माझ्या खिशातून. २३ दिवसांनी स्टिक आली, आत छापील चिठ्ठी: तपासले, दोष आढळला नाही. खटका तसाच. परत फोन केला तर आता वॉरंटी संपली, आणि शिवाय लॉकचं टोपण हा ‘कॉस्मेटिक पार्ट’ असल्याने तो वॉरंटीत आधीही नव्हता. दोष आढळला नाही आणि जो आढळला नाही तो वॉरंटीत बसत नाही! याला तोड नाही.

शेवटी स्वतःच तळाचे सहा स्क्रू काढले. आत दोन रुपयांचा सरकता स्विच, त्यावर प्लास्टिकचं टोपण, टोपणाची आतली खाच झिजलेली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून मध्ये कोंबला. त्यानंतर खटका इतका घट्ट झाला की सरकवायला नख लागतं. इथवर मी एप्रिलमध्ये लिहून ठेवलं होतं, पाचपैकी दोन गुण देऊन, आणि शेवटी ‘स्पर्धा खेळणाऱ्याने चुकूनही घेऊ नये’ हे वाक्य. मोबाईलमध्ये पडून होतं.

मे महिन्यात त्या दिवशी मागे उभ्या असलेल्या एका मुलाने मला व्हिडिओ पाठवला. त्याला माझ्या पराभवाची चेष्टा करायची होती. मी तो अकरा वेळा पाहिला. लॉक लागलेला असताना माझ्या स्टिकवर बारीक लाल दिवा जळतो. व्हिडिओत तो जळतोय. आधीही, मेनू आला तेव्हाही, आणि मी कपाळावर हात मारला तेव्हाही. आणि मेनू म्हणून जो आला तो पीएस बटनाचा मेनूच नव्हता, ‘हा कंट्रोलर कोण वापरतंय’ असं विचारणारा पडदा होता. गोंधळात ते वाचलं कोणी! आता चित्राच्या उजव्या कडेला बघा: आधीच्या मॅचमधला खेळाडू खुर्चीत बसून बॅगेतून आपलं पॅड काढतोय आणि अंगठ्याने मधलं बटन दाबून चार्जिंग बघतोय.

त्याने माझ्याच कन्सोलवर वायर लावून मॅच खेळली होती. वायर लावली की पॅड कन्सोलशी जोडलं जातं, आणि वायर काढली तरी ब्लूटूथवरून ते नातं शिल्लक राहतं. म्हणून तर मोठ्या स्पर्धांत प्रत्येक मॅचनंतर पॅडची कन्सोलशी जोडणी तोडून जायला सांगतात. पीएस५वर यासाठी दोन जागा आहेत: कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये कम्युनिकेशन मेथड ‘यूएसबी केबल’ करायची, आणि ॲक्सेसरीजच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ब्लूटूथच बंद करायचं. हे कोणी करायचं असतं? ज्याचा सेटअप त्याने. आणि सेटअप कोणाचा होता?

आयोजकाला व्हिडिओ दाखवला. खेळ ज्याच्यामुळे थांबला तो तर मॅचमध्येच नव्हता, मग राउंड कोणाचा जायला हवा, असं विचारलं. तो म्हणाला, ‘साहेब, ३०० रुपये माफ केले होते ना तुम्हाला?’

तेव्हा गुण बदलतो. स्टिकला साडेतीन. खटक्याची माफी मागणार नाही, कारण त्या दिवशी त्याने काही केलं नसलं तरी ढिला तो होताच, आणि टर्बोशेजारी बसवणं हा गुन्हा आहेच. सर्व्हिसला शून्य, ते बदलत नाही. ‘चुकूनही घेऊ नये’ हे वाक्य काढून टाकलं. पण नवीन घ्यायची असेल तर फोटोत लॉक कुठे आहे ते आधी बघा. मनगटापासून लांब, मागच्या कडेला असेल तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील. मी असं म्हणतोय, यावरून समजा.

लिव्हरशिवायची, नुसत्या बटनांची पेटी का नाही घेतली असं दोघातिघांनी विचारलं. मित्राने पिको या छोट्या स्वस्त सर्किट बोर्डवर स्वतः बनवली आहे, माझ्या सहा बटनांपेक्षा कमी खर्चात. जीव जळतो. पण परवाना नसलेली पेटी पीएस४वर ८ मिनिटांनी सुटते, पीएस५वर ओळख पटवायला वेगळा डोंगल लागतो, आणि डावं-उजवं एकदम दाबलं तर न्यूट्रल, म्हणजे कुठलीच दिशा नाही, असं यायला हवं वगैरे नियम आहेत. गेम बनवणाऱ्या कॅपकॉमच्या प्रो टूर स्पर्धांमध्ये वर-खालीलासुद्धा तेच. मित्र प्रत्येक स्पर्धेआधी दहा मिनिटं आयोजकाला पेटी समजावत असतो. मी त्या वेळात ब्लूटूथ बंद करतो, नखाने लॉक लावतो आणि चहा पितो.

जाता जाता: त्या लॉकचं टोपण, साधारण ८ मिलिमीटर, काळं, कोणाच्या मोडक्या स्टिकमध्ये पडलेलं असेल तर कळवा. कुरिअरसकट ६४० च्या आत बसत असेल तरच.