पाणीदार, बाणेदार की तडफदार?

मानपत्र लिहायला बसलं की विशेषणापाशी पेन अडतं. माणूस धीट आहे, अंगात रग आहे. पण नुसतं ‘शूर’ म्हणावं तर तो लढाईवरून परतल्यासारखा वाटतो. मग हे तीन जुने शब्द आठवतात.

माझा कल पाणीदारकडे. लोहार कोयत्याचं पातं लालभडक तापवून पाण्यात बुडवतो, चर्रर्र आवाज होतो, वाफ उठते. याला पात्याला पाणी देणं म्हणतात. पाणी कमी बसलं तर धार मुडपते, जास्त झालं तर टवका उडतो. मोत्याचं तेज म्हणजेही पाणीच. फारसीतल्या ‘आब’लाही पाणी आणि तेज असे दोन्ही अर्थ आहेत, आपला ‘आबदार’ तिथलाच. तेव्हा पाणीदार माणसाचा कस आतला असतो, त्याला तोंड उघडावं लागत नाही. म्हणून तर घोडा पाणीदार असतो, बाणेदार कधीच नसतो.

बाणेदार व्हायला बाणा लागतो, आणि समोर वरचढ कुणीतरी लागतो. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रघुनाथरावांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे बाणेदार. त्यांना पाणीदार म्हणून बघा, त्यातला नकार निसटतो. उत्तरही बाणेदार असतं. ‘पाणीदार उत्तर’ कुणी म्हणत नाही.

तडफदार शब्द मुळात वाईट नाही. चौकाचौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सनी त्याची पार रया घालवली. साठीपुढच्या माणसाला तर लावूच नये. तडफ हे वेगाचं काम.

पाणीदारची अडचण निराळी. 2016 पासून गावांसाठी जलसंधारणाच्या ‘वॉटर कप’ स्पर्धा सुरू झाल्या, गावोगाव श्रमदान झालं आणि बातम्यांत गावं ‘पाणीदार’ होऊ लागली. तरुण वाचकाच्या डोळ्यांपुढे आता आधी भरलेली विहीर येते, मग तलवार.

हे मी ठेच लागून शिकलो. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांच्या मानपत्रात मी झोकात ‘पाणीदार व्यक्तिमत्त्व’ लिहिलं. ठेकेदाराचं फुगवलेलं बिल साहेबांचा फोन येऊनही त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं. म्हणजे शब्द बाणेदारच हवा होता. वाचन सुरू झालं, त्या ओळीवर सभागृह खसखसलं, आणि मागच्या रांगेतून आवाज आला, “आमचा वॉर्ड सोडून!” सर्वांत मोठ्यानं सत्कारमूर्तीच हसले.