सायकल्स की ईव्ही : साजाचे फोटो काढताना मला जे नडलं ते

मागच्या महिन्यात फोनवर एकाला सांगत होतो की बाबा ईव्ही फास्ट आहे यात वादच नाही पण शेवटी मला सायकल्सवरच यावं लागलं, आणि फोन ठेवल्या ठेवल्या शेजारी बसलेल्या मामांनी विचारलं, "कितीला पडती रे ती ईव्ही? आणि सायकल कधी चालवायला लागलास तू?" मामा, गाड्या नव्हेत हो त्या, ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमधली रेंडर करायची, म्हणजे मॉडेलचा फोटो काढायची, दोन इंजिनं आहेत. त्यांना ते काय फारसं पटलं नाही. पण कोल्हापुरात सोनारांच्या गुजरीत आणि चांदीवाल्या हुपरीत कॅडचं, म्हणजे कंप्युटरवर दागिना डिझाइन करायचं, काम शिकणारी जी पोरं आहेत त्यांच्याकडनं हाच प्रश्न सारखा येतोय, दादा फायनल रेंडर कशात काढू, म्हणून एकदाच बसून लिहितोय. सॅम्पल म्हणजे काय, एचडीआरआय (लायटिंगसाठी चारी बाजूच्या उजेडाचा फोटो) कुठनं आणायचं, असल्या गोष्टी तुम्हाला येतात असं धरून चालतो.

आधीच सांगतो, मी दागिन्यांचं काम करतो. साज, ठुशी, बोरमाळ, चांदीची पैंजणं, जोडवी, असलं सगळं. कॅडवाल्याकडनं एसटीएल फाईल (दागिन्याचा थ्रीडी आकार) येते, मी तिला सोन्याचं नाहीतर चांदीचं मटेरियल लावून कॅटलॉगचे फोटो काढून देतो, म्हणजे दागिना अजून कारागिराच्या हातात पण पडलेला नसतो आणि गिऱ्हाईकाच्या फोनवर त्याचा फोटो गेलेला असतो. माझं मत तेवढ्या कामापुरतं धरा.

वेगाचं आधी उरकतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. ईव्हीत बटण दाबलं, खिडकीतनं खालच्या चहावाल्याला दोन बोटं दाखवली, मान वळवली की चित्र तयार. सायकल्समध्ये तोच साज, तीच लायटिंग, पण खाली उतरून चहा पिऊन, कुणाची तरी गाडी कुठं लावायची यावरनं चाललेली भांडणं बघून वर आलं तरी टक्केवारी सरकतच असते. घड्याळ लावून मी कधी मोजलं नाही, मोजायची गरजच पडली नाही एवढा फरक आहे. माझं ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं आणि जुनं आहे, तुमचं नवं असेल तर चहा अर्धा होईल कदाचित.

हा फरक कशापायी आहे ते मात्र समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ईव्ही ज्या पद्धतीवर चालतं तिचं मूळ १९७४ मध्ये आहे, युटा विद्यापीठात एड कॅटमुलनं पीएचडीच्या कामात झेड-बफर मांडला, आणि त्याच वर्षी जर्मनीत वोल्फगांग श्ट्रासरनं पण तीच कल्पना मांडली होती. कल्पना एकदम सरळ, प्रत्येक पिक्सेलला विचारायचं की तुझ्या समोर सगळ्यात जवळ काय आहे, ते ठेवायचं आणि त्याच्या मागचं सगळं फेकून द्यायचं. गेमची कार्डं याच्यावरच तर मोठी झाली. दुसरी पद्धत उलट्या बाजूनं जाते. डोळ्यातनं एक किरण सोडायचा, तो मण्यावर आपटला की तिथनं पुढं कुठं उडतो, कशावर पडतो, परत कुठं जातो ते बघत बसायचं. टर्नर व्हिटेडनं बेल लॅब्समध्ये हे करून दाखवलं, त्याचा पेपर १९८० चा, त्यातलं चकचकीत गोळे आणि खाली चौकड्यांची फरशी असलेलं चित्र तुम्ही कुठंतरी बघितलेलं असणार. ६४० बाय ४८० चं ते एक चित्र काढायला त्या काळच्या व्हॅक्स मशीनला ७४ मिनिटं लागली होती. पुढं १९८६ मध्ये जेम्स काजियानं रेंडरिंग इक्वेशन मांडलं आणि पाथ ट्रेसिंग आलं, सायकल्स म्हणजे त्याच घराण्यातलं. ब्लेंडरमध्ये सायकल्स २०११ ला आलं, ईव्ही २०१९ ला, ब्लेंडरच्या २.८० आवृत्तीबरोबर.

आता मूळ मुद्दा.

एका दिवाळीच्या आधी एका पेढीचं काम आलं होतं, साजाचे नऊ डिझाइन आणि हातात दिवस चार. साज म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, गळ्यातला दागिना, पानड्या (नक्षीची सोन्याची पानं) आणि मधे मधे जावमणी, पानड्यांवर दशावतार, अष्टमंगळ, आणि सगळं एकमेकाला खेटून. मी म्हणलं सायकल्समध्ये बसलो तर दिवाळी होऊन जाईल, ईव्हीतच काढू. काढले. मॉनिटरवर लई भारी दिसत होते, आईशप्पथ, मी स्वतःच खूश होतो. पेढीवर घेऊन गेलो तर मालकांनी पण मान डोलावली, पण तिथं कोपऱ्यात एक म्हातारे कारागीर बसले होते त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सारला, फोटो मोठा केला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मणी पानाला चिकटून हाय, मग पान मण्यात का दिसंना?"

मी घरी येऊन बघितलं तर खरंच. मण्यात वरचा पांढरा सॉफ्टबॉक्स (लाईटची चौकट) दिसतोय, लांबची भिंत दिसतेय, पण ज्या पानाला तो मणी जवळजवळ टेकलाय त्या पानाची पाठ मण्यात नाही, तिथं नुसता राखाडी पट्टा. सोन्याच्या मण्याला मुळात स्वतःचं काय असतं हो, आजूबाजूचं जे दिसतं तेवढीच त्याची चमक, आणि साजात आजूबाजूला असतं काय तर साजच. तो म्हातारा आयुष्यभर मण्यात पान बघत आलेला, त्याला एका सेकंदात कळलं आणि मला फोटो काढताना कळलं नव्हतं.

कारण वर सांगितलं तेच. झेड-बफरनं मागचं फेकून दिलेलं असतं. ईव्ही प्रतिबिंब शोधतं ते आधीच काढलेल्या चित्रातच शोधतं, स्क्रीन-स्पेस म्हणतात त्याला, त्यामुळं कॅमेऱ्याला जी बाजू दिसली नाही ती प्रतिबिंबात पण येत नाही. आणि पानाची पाठ कॅमेऱ्याला कुठनं दिसणार? तशीच फ्रेमच्या बाहेर गेलेली वस्तू पण गायब, फिरता व्हिडिओ काढला तर पानडी कडेला गेली की तिचं मण्यातलं प्रतिबिंब मधेच पुसल्यासारखं होतं. हा काय एका सॉफ्टवेअरचा दोष आहे असं माझं म्हणणं नाही, पद्धतच तशी आहे, गेममध्ये पाण्यात किंवा ओल्या रस्त्यावर बारकाईनं बघा, हेच दिसेल.

मग मी दोन रात्री घातल्या. कडेसाठी ओव्हरस्कॅन (फ्रेमच्या थोडं बाहेरचं पण काढायची सेटिंग) वाढवला, कडेचं थोडं सुधारलं. मग प्रोब टाकले. प्रोब म्हणजे त्या जागेवरनं चारी बाजूचं चित्र आधीच काढून गुंडाळून ठेवायचं आणि मग धातूवर ते लावायचं, ही पण जुनीच युक्ती आहे, ब्लिन आणि नेवेल यांनी १९७६ मध्ये एन्व्हायर्नमेंट मॅपिंग म्हणून मांडलेली (हा नेवेल म्हणजे तोच, कंप्युटर ग्राफिक्समधल्या प्रसिद्ध चहाच्या किटलीचं मॉडेल करणारा). एका मण्यासाठी एक प्रोब नीट बसला. पण साजात मणी किती, आणि प्रत्येक मण्याला त्याची स्वतःची पानडी वेगळ्या कोनातनं दिसायला पाहिजे, मासा वेगळा कासव वेगळं. चाळीस ठिकाणी प्रोब ठेवत बसलो, दोन मणी सुधारले की तिसरा बिघडायचा, आणि क्लायंटनं "जरा कॅमेरा खाली घ्या" म्हणलं की परत पहिल्यापासनं. चौथ्या दिवशी रात्री वैतागून इंजिनाचं नाव बदलून सायकल्स केलं, सगळे प्रोब डिलीट केले, रेंडरला टाकलं आणि झोपलो. सकाळी प्रत्येक मण्यात पान होतं. मी काहीच केलं नव्हतं.

माझा निकाल लागला तो तिथंच. बाकीचं सगळं मी ॲडजस्ट करू शकतो.

आणि ॲडजस्ट करावं लागतं बरं का, सायकल्स काय देवमाणूस नाही. पहिली कटकट नॉइज, म्हणजे चित्रावरची खरखर. निम्मा करायचा म्हणलं तर सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलला सोडायचे किरण) चौपट लागतात, हे गणितच आहे, त्यामुळं एका टप्प्यानंतर नुसते सॅम्पल वाढवत बसणं म्हणजे लाईट बिल वाढवणं. दुसरं, साजात माणिक आणि पाचू असला की खड्याच्या आजूबाजूला पांढरे ठिपके उठतात, फायरफ्लाय म्हणतात त्याला, म्हणजे काजवेच. ते बघायचे असतील तर पावसाच्या तोंडावर राधानगरीला जावं, सोन्यावर नकोत. इनडायरेक्ट क्लॅम्प (आपटून आलेल्या उजेडाला मर्यादा घालायची सेटिंग) थोडा लावला की बसतात, पण जास्त लावला तर खड्याचं पाणी पण जातं, मी अंदाजानंच करतो. तिसरं म्हणजे डीनॉइझर, ती खरखर पुसणारा, २.८१ पासून इंटेलचा तो ओपन इमेज डीनॉइज आत आलाय, आणि चांगलाच आहे, पण सॅम्पल अगदी कमी ठेवून सगळा भार त्याच्यावर टाकला की बारीक रवा (धातूचे दाणे) आणि छिलाईच्या, म्हणजे चकाकीसाठी छिलून काढलेल्या, रेघा पुसून मेणासारखं करून टाकतो. हुपरीच्या पैंजणाला छिलाईवरच तर भाव आहे, तीच पुसली तर काय उरलं. मी आधी सॅम्पल जरा बरे ठेवतो, मग डीनॉइझर.

चौथं आपल्याकडचं, रात्री तीनला लाईट जाते. व्हिडिओ थेट एमपी४ मध्ये काढायला लावला असेल तर सगळी रात्र पाण्यात, म्हणून सुटे पीएनजी फ्रेम काढा आणि मग जोडा. हे मी एकदा भोगलंय.

वेळेचं मात्र पूर्वीइतकं राहिलं नाही. व्हिटेडनंच लिहून ठेवलंय की त्याच्या प्रोग्रॅमचा ७५ ते ९५ टक्के वेळ किरण कशावर आपटतो हे शोधण्यातच जायचा, आणि २०१८ पासून एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांमध्ये नेमकं तेवढ्याच कामासाठी वेगळं हार्डवेअर घातलंय. २०२१ मध्ये ब्लेंडर ३.० आलं तेव्हा सायकल्सचं आतलं पण बरंच नव्यानं लिहिलं गेलं. मेमरी कमी पडत असेल तर शंभर मण्यांच्या शंभर कॉप्या करू नका, ऑल्ट-डी नं लिंक केलेल्या करा, माझं ८ जीबी त्याच्यावरच चाललंय.

एक गैरसमज जाता जाता. "सायकल्समध्ये सोनं फिकट दिसतं, पितळ वाटतं" असं दोघांनी सांगितलं. ते इंजिनाचं नाही, ४.० पासून कलर मॅनेजमेंटमध्ये एजीएक्स हा व्ह्यू ट्रान्सफॉर्म (स्क्रीनवर रंग कसा दाखवायचा ती सेटिंग) डिफॉल्ट आहे आणि ते जास्त उजेडाच्या जागी रंग फिका करतं. दोन्ही इंजिनांत सारखंच होतं. व्ह्यू ट्रान्सफॉर्म बदलून बघा आणि मग बोला.

मग ईव्ही कुणी घ्यावं? राजारामपुरीत माझा एक मित्र इंटिरियर करतो, तो सायकल्सला हात लावत नाही आणि त्याचं बरोबर आहे असं मला वाटतं. त्याच्या भिंती मॅट, सोफा कापडाचा, पडदे, लाकूड, आणि क्लायंट समोर बसून म्हणतो हा रंग नको तो दाखवा, तिथं चहा पिऊन या म्हणून कसं चालेल. त्याच्याकडं आरसा असला तरी सपाट असतो, सपाट आरशाला एक प्लेन प्रोब टाकला की काम होतं. मण्याला सपाट बाजू कुठनं आणायची? ४.२ मध्ये ईव्ही पुष्कळ सुधारलंय, सावल्या खरंच छान झाल्यात, आणि रे ट्रेसिंग असा शब्द पण त्यात आलाय, त्यावरनं बऱ्याच जणांना वाटतं की आता दोन्ही सारखंच. पण ते ट्रेसिंग सुद्धा स्क्रीनवरच्या चित्रातच चालतं आणि नाही सापडलं तर प्रोबकडं जातं. उद्या यात बदल झाला तर मी माझं मत बदलीन, मला काय सायकल्सचं कमिशन नाही मिळत.

मी स्वतः पण ईव्ही रोज वापरतोच की. कॅमेरा कुठं ठेवायचा, लाईट कुठनं मारायची, साज कसा वळवून मांडायचा हे सगळं ईव्हीत, व्हॉट्सॲपवर मालकांना पाठवायचा कच्चा फोटो पण त्यातलाच, खाली कच्चा असं लिहून. ओके आला की सायकल्स.

तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका, पाच मिनिटांचं काम आहे, स्वतः करून बघा. एक पानडी घ्या, तिच्या पुढच्या बाजूला सोनं आणि पाठीला भडक लाल मटेरियल लावा. तिच्या जरा मागं, कडेला एक चकचकीत मणी ठेवा, असा की कॅमेऱ्याला पानडीचं तोंड दिसेल आणि मण्याला तिची पाठ. प्रोब टाकू नका. दोन्ही इंजिनांत रेंडर काढा आणि मणी मोठा करून बघा, लाल कुठल्यात आहे. माझ्याकडं ती फाईल 'लालपाठ' नावानं पडून आहे. मामांना पण दाखवली, त्यांनी दोन्ही फोटो फोन लांब धरून बघितले आणि म्हणाले, "ह्या दुसऱ्यात मणी खरा हाय." दुसरा सायकल्सचा होता, मी सांगितलं नव्हतं.