अ‍ॅथलॉन २००जीई : ५५ डॉलरच्या चिपमागचा हिशेब

टायपिंग, व्हिडिओ, ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब, एवढंच काम असेल तर एएमडीचा अ‍ॅथलॉन २००जीई हा प्रोसेसर अजूनही कुरकुर न करता चालतो. दोन कोअर (कामं उरकणारे गाभे), चार थ्रेड (एका वेळी हाताळायच्या कामांच्या रांगा), ३.२ गिगाहर्ट्झ, ३५ वॉट. डब्यातला कूलर दिसायला अगदीच किरकोळ, पण पुरून उरतो. माझ्या पीसीत पंखा फिरतोय की नाही हे वाकून बघावं लागतं. रॅमच्या मात्र दोन स्टिक लावा. आतलं व्हेगा ३ ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं, एका स्टिकवर ते धापा टाकतं.

मला खरं अप्रूप आहे ते किमतीचं. सप्टेंबर २०१८ मध्ये हा आला ५५ डॉलरला. झाकणाखाली सिलिकॉन कोणतं? एएमडीच्याच १६९ डॉलरच्या रायझन ५ २४००जीचंच! चार कोअर, ग्राफिक्सची अकरा युनिट्स, क्षेत्रफळ साधारण २१० चौरस मिलिमीटर. त्यातले दोन कोअर आणि ग्राफिक्सची आठ युनिट्स बंद केली की झाला अ‍ॅथलॉन. ही स्वस्तात बनवलेली चिप नव्हेच, महागडी चिप अर्धी झोपवून विकलेली आहे.

परवडतं कसं? ३०० मिलिमीटरच्या वेफरवर, म्हणजे चिप्स जिच्यातून कापतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर, या आकाराच्या ढोबळमानाने तीनशेच्या आत चिप्स बसतात. त्यातल्या किती धड निघाल्या यावर वेफरचा खर्च ठरत नाही, तो आधीच झालेला असतो. मग एखादा कोअर बिघडलेली चिप फेकून शून्य मिळवण्यापेक्षा ५५ डॉलरला काढलेली बरी. गाजराची पुंगी आहे ही : वाजली तर २४००जी, नाही वाजली तर अ‍ॅथलॉन.

गोची होते ती उत्पादन सुधारल्यावर. सदोष माल पुरेनासा झाला की धडधाकट चिप्सचे कोअर बंद करून द्यावे लागतात, आणि अशी प्रत्येक चिप महाग विकता आली असती. फॅक्टरीच अपुरी पडली तर स्वस्त मालावर पहिली कुऱ्हाड. २०१८ मध्ये १४ नॅनोमीटर तंत्राच्या चिप्सची चणचण भासली तेव्हा इंटेलने सर्व्हरच्या झिऑन आणि महागड्या ‘कोअर’ या प्रोसेसर मालिकांना प्राधान्य देत असल्याचं उघड सांगितलं. स्वस्तातला पेंटियम घेणारे बसले वाट बघत.

याची भावंडं २२०जीई आणि २४०जीई घेण्यात मला तरी अर्थ दिसला नाही. २०० मेगाहर्ट्झ जास्तीचे १० डॉलर, ३०० मेगाहर्ट्झचे २०. बाकी सगळं तेच, निव्वळ स्टिकरचे पैसे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एएमडीनेच ४९ डॉलरला अ‍ॅथलॉन ३०००जी आणला, तोही ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायला, मोकळा. मग या दोघांना विचारतो कोण?

आज सेकंडहँड बघत असाल तर थोडे जास्त मोजून ३०००जीच घ्या. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो आहे, २००जीई नाही. लिनक्स टाकणार असाल तर २००जीई खुशाल उचला.