नोकरी पणजीत, घर सत्तरीत: गावातच राहावं की पर्वरीला यावं?

गोव्यात आमच्या सत्तरी तालुक्यातल्या कुणाला पणजीत नोकरी लागली की पेढे वाटून होतात आणि लगेच घरात दुसरा विषय सुरू होतो, आता रोज ये-जा करणार की तिकडेच खोली बघणार. हल्ली ओळखीतल्या दोघा-तिघा पोरांनी मला हेच विचारलं म्हणून एकदा सविस्तर लिहितो. मी दोन्ही करून बघितलंय. वाळपई या तालुक्याच्या गावाच्या पुढं आमचं घर आणि कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, तिथून बरीच वर्षं पणजीला ये-जा केली, आणि आता काही वर्षं पणजीच्या पलीकडं, मांडवी ओलांडली की लागणाऱ्या पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतोय, आई, बायको आणि मुलगी सोबत. त्यामुळं जे लिहितोय ते माझ्या घरापुरतं खरं आहे, तुमच्या घरात माणसं वेगळी असतील तर हिशोब पण वेगळा निघेल, ते धरूनच वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे गोव्यात गाव म्हणजे गरिबी आणि शहर म्हणजे पैसा असं सरळ नाहीच. २०११च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी निघाली, सगळ्या राज्यांत जास्त, पण ती ज्या ७० शहरांत मोजली त्यातल्या फक्त १४ ठिकाणी नगरपालिका किंवा महापालिका आहे, बाकी ५६ ठिकाणी कारभार पंचायतीचाच. पर्वरीचंच बघा, विधानसभा इथं, सचिवालय इथं, मॉल इथं, आणि घरपट्टी भरायची पंचायतीत. खर्चाचं पण तसंच. २०२२-२३च्या केंद्र सरकारच्या घरखर्चाच्या सर्वेक्षणात गोव्यात गावातल्या माणसाचा महिन्याचा खर्च सरासरी ७,३६७ रुपये आणि शहरातल्याचा ८,७३४ रुपये आला. देशाचा आकडा गावात ३,७७३ आणि शहरात ६,४५९. म्हणजे देशात शहरवाला गाववाल्यापेक्षा ७१ टक्के जास्त खर्च करतो, आपल्याकडं जेमतेम १९ टक्के. हा आकडा वाचला तेव्हा मला बरं वाटलं, पण मग डोक्यात आलं की गावात भाडं नाही, नारळ घरचा, भाजी बरीचशी परसातली, पावसात तर अळू-तायकिळ्यासारखी रानभाजी विकत घ्यायचा प्रश्नच नाही, तरी एवढा खर्च होतो तो नेमका कशावर? त्यावर खाली येतो, कारण माझ्या मते सगळा निर्णय तिथंच आहे.

आधी उत्पन्न. कुळागर आहे म्हणजे पैसा आहे असं बाहेरच्यांना वाटतं. सुपारी बागायतदार सोसायटीच्या दुकानात नेऊन घातली की पैसे मिळतात, ते खरं आहे, आणि तो आधार मोठा आहे. पण नारळ पाडायला पाडेली मिळायला पाहिजे, तो मिळाला तरी आज येतो म्हणून चार दिवसांनी येणार, तोपर्यंत माकडांनी कोवळे नारळ फोडून खाली टाकलेले. गवे रात्री येऊन केळी झोपवून जातात. काजूचं वर्ष एका अवेळी पावसानं किंवा मोहर करपल्यानं जातं, आणि पीक चांगलं आलं तर आफ्रिकेतल्या बियांमुळं दर पडलेला. मरड शेती, म्हणजे उंचावरची पावसाळी भातशेती, तर आमच्या वाड्यावर जवळपास संपलीच. आणि खाणीचं तर आमच्या पट्ट्यात सांगायलाच नको, २०१२ला बंद झाली, मध्ये थोडी सुरू झाली, २०१८ला सुप्रीम कोर्टानं ८८ लीज रद्द केल्यावर परत ठप्प, ट्रक कर्जावर घेतलेल्या माणसांच्या घरात काय झालं ते मी जवळून बघितलंय. म्हणून आज सत्तरीतल्या बहुतेक सुखी घरांत एक जण पगारावर आणि बाकीचे बागायतीवर असंच असतं. म्हणजे पगार आणायला बाहेर जायचंच आहे, प्रश्न फक्त परत यायचा की नाही एवढाच.

घराच्या बाबतीत गाव सरळ जिंकतं असं वाटतं. अंगण, पडवी, मागं विहीर, आणि पर्वरीला भाडं देऊन दोन खोल्या आणि एक बाल्कनी. पण आमच्या सत्तरीत एक गाठ आहे, जमीन कसतो आम्ही पण जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव भलत्याचंच. मोकासो, आल्वारा, हे पोर्तुगीज काळापासूनच्या जमिनींचे शब्द सत्तरीतल्या माणसाला समजवायला नकोत. कुळ कायदा १९६४चा, दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्यांसाठीचा मुंडकार कायदा १९७५चा, आणि तरी कितीतरी घरांना बँक कर्ज देत नाही कारण कागद नाही. सत्तरीतल्याच मेळावलीत येऊ घातलेल्या आयआयटीच्या विरोधात जानेवारी २०२१ला बायामाणसं रस्त्यावर बसली होती त्याच्या मुळाशी पण हीच भीती होती, पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन आपली म्हणून दाखवायला कागदच नाही. त्यामुळं गावात नवीन घर बांधायचा विचार असेल तर आधी उतारा काढून बघा, मग इंजिनियरला बोलवा.

माणसांच्या बाबतीत मी आजही गावाच्याच बाजूनं आहे, ते लपवत नाही. माझे वडील गेले तेव्हा मला एक काम सांगावं लागलं नाही, लाकडं आली, भट आला, पुढचे दिवस स्वयंपाक शेजाऱ्यांकडून आला. बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक आजोबा गेले तेव्हा त्यांचा मुलगा एकटा शववाहिकेला फोन लावत उभा होता, लोक वाईट नव्हते, सगळे मदतीला तयार होते, पण काय करायचं ते कुणाला माहीत नव्हतं. चवथीला आम्ही गावी जातोच, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान रानातून गोळा करायला मुलगी पण येते, पणजी त्या दिवसांत रिकामी पडते ते उगाच नाही. पण त्याच गावात देवळाच्या मानावरून दोन वांगड, म्हणजे दोन घराणी, वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि कुणाची सून कुठं गेली होती ते संध्याकाळपर्यंत पूर्ण वाड्याला माहीत असतं. पुरुष म्हणून मला त्याचा त्रास कमी झाला. बायकोला विचारलं तर ती वेगळं सांगते.

आता तो मूळ मुद्दा. बस.

आमच्या गावात सकाळी बसा आहेत. साडेसहापासून बऱ्या आहेत, शाळा-ऑफिसची वेळ सांभाळतात. दुपारी कमी होतात. आणि संध्याकाळी सातनंतर काय खरं नाही, शेवटची बस कागदावर आहे पण माणसं कमी असली की ती वाळपईलाच थांबते, ड्रायव्हर सांगतो आज पुढं जात नाही, आणि उतरलेल्यांनी कुणाला तरी फोन लावून बोलवायचं. रविवारी तर त्याहून वाईट. मला स्वतःला याचा काही त्रास नव्हता कारण माझी गाडी होती. मी कितीतरी वर्षं म्हणायचो की गावात राहून ये-जा करणं सोपं आहे, फक्त पहाटे उठायला लागतं. ते माझ्यापुरतं खरंच होतं.

पण घरात जो गाडी चालवतो त्याच्यासाठी गाव वेगळं आणि जो चालवत नाही त्याच्यासाठी वेगळं. आईला गुडघ्याचं दाखवायला साखळीला जायचं असेल तर माझी रजा. मुलीला आठवीत क्लास लावला, तो सुटायचा साडेसातला, मग तिला आणायला कोण जाणार, मी तेव्हा पणजीहून निघालेला असायचो, बायको स्वयंपाक टाकून स्कूटर घेऊन पावसातून जायची. शेवटी क्लास सोडला. आमच्या वाड्यावर एक काकी आहे, एकटीच असते, तिचे दयानंद या सरकारी पेन्शन योजनेचे पैसे महिन्याला बँकेत येतात, ते काढायला वाळपईला जायला पण ती कुणी गाडीवाला त्या बाजूला चाललाय का याची वाट बघत बसते. पैसे तिच्या नावावर, पण वेळ दुसऱ्याच्या हातात. एकदा आईच्या बहिणीकडं बारसं होतं, मला ऑफिसातून सुटता आलं नाही, आई नेसून तयार होऊन पडवीवर बसली होती, मग साडी बदलून आत गेली. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "मला कुठं जायचं असलं की कुणाचं तरी तोंड बघायला लागतं रे." रागानं नाही, साधंच बोलली. पण माझा निर्णय त्या वाक्यानं झाला.

आणि तो वरचा खर्चाचा प्रश्न. माझा अंदाज आहे, मी काही अर्थतज्ज्ञ नाही, पण आमच्या वाड्यावर प्रत्येक कमावत्या माणसामागं एक दुचाकी आहे, काही घरांत तीन, शिवाय एक जुनी कार अडीअडचणीला, त्या सगळ्यांचं पेट्रोल, हप्ता, इन्शुरन्स, पावसाळ्यात खराब रस्त्यावर होणारी दुरुस्ती. गोव्यात रजिस्टर झालेल्या गाड्यांचा आकडा लोकसंख्येच्या बरोबरीला आलाय त्यात शौक कमी आणि गरज जास्त आहे असं मला तरी वाटतं. मी पर्वरीला आल्यावर भाडं वाढलं हे खरं, पण एक स्कूटर विकली, कारचं पेट्रोल अर्ध्याच्या खाली आलं, आणि रोजचे तीन तास रस्त्यावरचे वाचले. पूर्ण बरोबरी झाली असं म्हणणार नाही, भाडं अजून थोडं जडच आहे, पण लोक घाबरवतात तेवढा फरक नाही.

पर्वरी काही स्वर्ग नाही. हायवेच्या उड्डाणपुलाच्या कामात धूळ आणि ट्रॅफिकनं जीव नको झाला, मांडवीवर तिसरा पूल, अटल सेतू, २०१९ला झाला तेव्हा वाटलं आता सुटलो, पण गर्दी त्याच्या टोकाला येऊन थांबते. मार्च-एप्रिलला नळाला पाणी कमी येतं आणि बिल्डिंगमध्ये टँकर मागवायला लागतो, विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला ते पैसे देताना फार लागतं. आईला पहिल्यांदा इथं करमलं नाही, समोरच्या दारात बोलायला कुणी नाही, सगळे कामावर, तुळस बाल्कनीत कुंडीत. मला वाटायला लागलं होतं की तिला परत नेऊन सोडावं.

मग एका शुक्रवारी ती स्वतःच खाली उतरून बसमध्ये बसली आणि म्हापशाच्या बाजारात गेली. पर्वरीच्या रस्त्यावर पणजी-म्हापसा बस दर थोड्या वेळानं असते, एक गेली तर दुसरी मागं दिसते, टाईम विचारायलाच लागत नाही. तिनं तिकडून वाळवलेली सोलं, चवळी आणि पेडण्याच्या एका बाईकडून मिरची आणली, बाई तिच्या माहेरच्या बाजूची निघाली. आता ती दर शुक्रवारी जाते, पणजीला महालक्ष्मीच्या देवळात जाते, बँकेत जाते, आणि आम्हाला नंतर सांगते. गावात असताना आमच्या घरात सर्वांत कमी बाहेर पडणारी बाई ती होती. मुलगी पण शाळा सुटल्यावर पाट्टोला सेंट्रल लायब्ररीत जाते, शनिवारी कला अकादमीत तबल्याला, एकटी, बसनं. उशीर झाला तर पायलट, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, मिळतो. तिला सोडायला-आणायला जायचं हा विषयच घरातून गेला. आणि आईला मागच्या पावसात रात्री दम लागला तेव्हा बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, गाठायला जो वेळ लागला तेवढ्यात गावाहून आम्ही होंड्याला पण पोचलो नसतो. १०८ गावात पण येते, माणसं चांगली असतात, पण रस्ता तेवढाच लांब असतो ना.

कुळागराचं काय, हे सगळे विचारतात. चुलतभाऊ बघतो, अर्ध्यानं. शनिवारी-रविवारी मी जातो, सुपारी सोलायला बसतो, पाणी लावतो. उत्पन्न कमी झालंय, मीच तिथं असतो तर जास्त झालं असतं हे मला माहीत आहे, आणि त्याची रुखरुख राहते. पण ते विकायचा विचार मनात आणू नका, भाडेकरू म्हणून राहणाऱ्या माणसाला मागं आपलं घर आहे याचा धीर किती असतो ते महिनाअखेरीला कळतं.

तुमचं लग्न झालेलं नसेल, आई-वडील अजून स्वतः गाडी चालवत असतील, किंवा नोकरीच होंडा-पिसुर्लेच्या वसाहतीत असेल तर गाव सोडायचं मला काही कारण दिसत नाही, उलट पगार साठेल. घरात शाळकरी मूल किंवा साठीपुढची बाई असेल तर मात्र मी म्हणेन की या, निदान काही वर्षांसाठी तरी या. पणजी-पर्वरीचं भाडं झेपत नसेल तर साखळी किंवा डिचोली बघा, गाव पण हाताशी राहतं, साखळीला सरकारी कॉलेज आहे, डिचोलीहून पणजी-म्हापशाच्या बसा बऱ्या आहेत. आणि खोली कुठंही घ्या, एजंट कारनं दाखवायला नेतो तेव्हा हो म्हणू नका. संध्याकाळी आठ वाजता आईला सोबत घेऊन बसनं जा, स्टॉपवर उतरा आणि तिच्या चालीनं घरापर्यंत चालत जाऊन बघा, रस्त्यावर दिवे आहेत का, चढण किती आहे, कुत्री अंगावर येतात का. आम्ही पर्वरीत दोन चांगले फ्लॅट याच्यावरूनच सोडले, आणि हा घेतला तो आतून जुना आहे पण स्टॉप खिडकीतून दिसतो.