समुद्राचा पॅनोरमा जोडायचाय? आपोआप मर्ज की हगिन

सड्यावरचा किंवा एखाद्या वाडीचा पॅनोरमा (शेजारशेजारचे फोटो जोडून केलेला एक रुंद फोटो) असेल तर फार विचार करू नका, कुठलंही सॉफ्टवेअर जोडून देईल. झाडं, कौलं, जांभ्याचे चिरे अशा दोन फोटोंत जुळवायच्या खुणा तिथे हव्या तेवढ्या मिळतात. अडतं ते किनाऱ्यावर, कारण आपल्याकडे अर्धी फ्रेम समुद्रच असतो.

पर्याय ढोबळमानाने दोन. एक, फोटो एडिट करायच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमधली मर्जची, म्हणजे आपोआप जोडायची सोय. दुसरा हगिन: खास पॅनोरमा जोडायचं सॉफ्टवेअर, मोफत, हेल्मुट डेर्श यांच्या पॅनोरमा टूल्स या प्रोग्रॅमवर उभं राहिलेलं.

मर्जच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. फोटो निवडा, बटण दाबा, चहा होईपर्यंत काम झालेलं असतं. काही सॉफ्टवेअर तर जोडलेली फाइलही डीएनजी या रॉ प्रकारात देतात, म्हणजे व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) नंतरही हलवता येतो. हगिनसाठी मी आधी प्रत्येक फोटोची १६ बिट टिफ ही मोठी फाइल काढून घेतो, त्यात डिस्क भराभर भरते. शिवाय हगिनची खिडकी पहिल्यांदा उघडली की माणूस बिचकतोच.

तरी मी हगिनकडे वळलो ते एका कटकटीपायी. मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग फ्रेममध्ये असेपर्यंत सगळं सुरळीत जुळतं. कॅमेरा मोकळ्या समुद्राकडे सरकला की दोन-तीन फ्रेममध्ये नुसतं पाणी आणि आभाळ. आपोआप जोडणारं सॉफ्टवेअर तिथे एक तर हात वर करतं, नाहीतर लाटेच्या फेसालाच खूण समजतं. पुढच्या फ्रेमपर्यंत फेस भलतीकडे गेलेला असतो, आणि क्षितिजाला कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखा झोळ येतो. बरं, दिसतंय कुठे चुकलंय, पण हात घालायला जागाच नाही! निदान मी वापरलेल्यात तरी नव्हती.

हगिनमध्ये ती आहे. दोन फोटो शेजारी-शेजारी उघडतात. पाण्यावरचे कंट्रोल पॉइंट, म्हणजे दोन फोटोंतल्या जुळत्या बिंदूंच्या जोड्या, मी सरळ खोडतो. ढगांवरचे काढायला सेलेस्ट नावाची सोय आहे. मग क्षितिजावर दोन्ही फोटोंत एकेक बिंदू देऊन त्या जोडीचा प्रकार 'आडवी रेषा' करायचा, आणि पुन्हा ऑप्टिमाइझ, म्हणजे फोटोंच्या जागांचं गणित नव्याने करायला लावायचं. झोळ जातो. मधेच आलेली होडी दोनदा दिसत असेल तर एका फोटोत तिच्यावर मास्क, म्हणजे तेवढा भाग वगळायचा.

नुसत्या पाण्याच्या फ्रेमसाठी ट्रायपॉडच्या बुडाशी अंशांच्या खुणा हव्यात. फुल फ्रेम कॅमेरा उभा धरून ५० मिमी लेन्सला साधारण २७ अंश रुंदी मिळते. १८ अंशांनी फिरवलं की २० फ्रेममध्ये चक्कर पूर्ण होते आणि शेजारच्या फ्रेममध्ये एक तृतीयांश ओव्हरलॅप (सामाईक भाग) राहतो. ज्या फ्रेमला खूणच नाही तिचा यॉ (आडवं किती फिरवलं तो कोन) हाताने टाकायचा, पिच (वर-खाली झुकाव) आणि रोल (बाजूचा कल) क्षितिजाच्या बिंदूंवरून निघतात. (एक्स्पोजर, फोकस मॅन्युअल ठेवा, हे सांगायला नकोच.)

वर्षातून एकदा गणपतीला गावी जाऊन चार पॅनोरमा काढणाऱ्याला कदाचित मर्जच पुरेल. त्यांनी कॅमेरा थोडा खाली झुकवावा, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या खालच्या कडेला खडक किंवा पुळणीवर ओढलेली होडी येईल आणि जोडायला खूण मिळेल. फक्त एवढं जवळचं काही फ्रेममध्ये घेतलं की पॅरॅलॅक्स आला, म्हणजे कॅमेरा फिरवताना जवळच्या वस्तू मागच्या दृश्यापुढे सरकतात, आणि तो टाळायला पॅनो हेडचा (कॅमेरा लेन्समधल्या योग्य बिंदूभोवती फिरवणाऱ्या ट्रायपॉडच्या जोडणीचा) खर्च आला. त्यापेक्षा दोन-चार संध्याकाळी हगिनशी झटापट करणं मला तरी परवडलं.