ओव्ह आणि एलेनॉर: नव्याने सुरुवात करणारे दोघे

फ्रेडरिक बॅकमन यांची 'अ मॅन कॉल्ड ओव्ह' (मूळ स्वीडिश, 2012) आणि गेल हनीमन यांची 'एलेनॉर ऑलिफंट इज कम्प्लीटली फाइन' (2017) या दोन्ही कादंबऱ्यांत एकटी पडलेली माणसे नव्याने जगू लागतात. हसवण्याची रीत मात्र दोन्हींची अगदी वेगळी आहे.

एकोणसाठ वर्षांचा ओव्ह रोज सकाळी वसाहतीत फेरी मारून कोण नियम मोडतो ते तपासतो आणि 'साब' या स्वीडिश मोटारीखेरीज दुसरी मोटार घेणाऱ्याला माणसांत धरत नाही. पत्नी सोन्या हिच्या मृत्यूनंतर त्याला जगायचेच नसते. पण तो मरणाची तयारी करून बसला की गरोदर शेजारीण परवानेह काहीतरी अडचण घेऊन दारात उभी राहते. येथे विनोद घटनांतून, तृतीयपुरुषी निवेदनातून घडतो आणि निवेदक वाचकाला डोळा मारत असतो.

ग्लासगोत हिशेब विभागात काम करणारी, तिशीला टेकलेली एलेनॉर स्वतःच बोलते, आणि आपण विनोदी आहोत हे तिला ठाऊकच नसते. शनिवार-रविवार व्होडकाच्या सोबतीने कोणाशीही न बोलता घालवल्याचे ती ज्या कोरड्या नेमकेपणाने सांगते, त्यावर आधी हसू येते आणि मग त्या हसण्याचीच लाज वाटते. रस्त्यात कोसळलेल्या म्हाताऱ्या सॅमीला सहकारी रेमंडसोबत मदत करताना तिचे दार किलकिले होते.

बॅकमन कधीकधी अश्रू मागून घेतात. हनीमन ते मागत नाहीत, म्हणून माझे झुकते माप एलेनॉरला. मन फारच खचले असेल, तर मात्र आधी ओव्हच वाचावा. त्याच्याभोवती माणसांची वर्दळ अधिक आहे.