गुलमर्ग की औली? एका लिफ्टवाल्याचं मत
वागळे इस्टेटमधून इमारतींच्या लिफ्ट सांभाळण्यात माझी वीस वर्षं गेली, त्यामुळे सोसायटीत कुणी बर्फाला निघालं की प्रश्न माझ्याकडे येतो. यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "भावजी, सासूबाई आणि सहा वर्षांचा लेक बरोबर आहेत. गुलमर्ग करू की औली? आणि त्या उघड्या खुर्चीत बसायचं का?"

आधी खुर्चीचंच, म्हणजे डोंगरावर फिरत्या दोराला टांगलेल्या चेअरलिफ्टचं. 1936 साली अमेरिकेतल्या सन व्हॅलीला ती पहिल्यांदा उभी राहिली. युनियन पॅसिफिक रेल्वेच्या जेम्स करन या इंजिनिअरला ती सुचली केळ्यांवरून. बोटीत घड चढवायला आकडे लावलेला फिरता दोर असे; त्याने घडाच्या जागी माणूस बसवला. माणूस किती वेगाने उचलला तर कोलमडत नाही, हे बघायला ट्रकच्या बाजूला खुर्ची टांगून लोक उचलून पाहिले.

घडासाठी दोर थांबत नसे, तसा तो माणसासाठीही थांबत नाही. दोर एकच, दोन्ही टोकं एकमेकांत विणून केलेलं कडं. आमच्या लिफ्टला चार-पाच दोर असतात, म्हणून हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला होता. साध्या प्रकारात खुर्ची दोराला कायमची आवळलेली असते. दोर सेकंदाला दोन-अडीच मीटर पळतो आणि त्याच वेगाने खुर्ची मागून येऊन गुडघ्यांच्या लवणीत बसते. ठाण्याला सुटती लोकल पकडणाऱ्याला त्याचं काही नाही. सासूबाईंना आहे.

दुसऱ्या प्रकारात स्टेशनात शिरताच स्प्रिंगची पकड उघडते, खुर्ची दोर सोडून रुळावर हळू सरकते, माणसं बसली की टायरच्या रांगा तिला पुन्हा दोराच्या वेगावर आणतात आणि पकड मिटते. चौघांची अशी खुर्ची 1981 साली अमेरिकेतल्या ब्रेकेनरिजला आली. बसणं सोपं झालं, वर दोरही सेकंदाला पाच मीटर पळवता आला.

गुलमर्गचा गोंडोला याच दुसऱ्या जातीचा, फक्त खुर्चीऐवजी सहा जणांची बंद केबिन. कोंगडोरी या मधल्या स्टेशनापर्यंतचा टप्पा 1998 चा, पुढे वर अफरवाटचा 2005 चा. केबिन स्टेशनात रांगत येते, हात धरून सासूबाईंना चढवता येतं.

उत्तराखंडातला जोशीमठ ते औली हा रोपवे मात्र माझ्या धंद्याच्या जवळचा. पंचवीस-पंचवीस जणांच्या दोनच केबिन, एक वर निघाली की दुसरी खाली, एकमेकींचं वजन तोलत. आमच्या लिफ्टमध्ये दुसऱ्या केबिनच्या जागी लोखंडाचं वजन असतं, एवढाच फरक. केबिन पूर्ण थांबते, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना याहून सोपं काही नाही. पण जानेवारी 2023 मध्ये जोशीमठची जमीन खचली आणि हा रोपवे बंद झाला. ठाण्यातल्या एका टूरवाल्याच्या पत्रकावर त्याचाच फोटो पाहिला. पैसे भरण्याआधी तो सुरू आहे का, हे लेखी घ्या. नाहीतर औलीला रस्त्यानेच चढायचं आणि वर खुर्ची आहेच.

म्हणून माझं मत गुलमर्गला. पण सासूबाईंना कोंगडोरीपर्यंतच न्या. अफरवाटचं स्टेशन जवळजवळ 4,000 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1,646, आणि आपण राहतो खाडीकाठी. वारा वाढला की वरचा टप्पा बंद करतात, तेव्हा काउंटरवर वाद घालू नका. जून 2017 मध्ये वादळी वाऱ्यात झाड कोसळून इथलीच एक केबिन खाली आली, सात जण गेले.

कोंगडोरीहून मेरीज शोल्डरला खुर्ची जाते. रांगेत लागण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा, वळणावर ती हळू होते का. होत नसेल तर लेकाला मध्ये घेऊन दोन्ही बाजूंना मोठं माणूस बसवा, नाहीतर सोडून द्या. बसलात की खुर्चीची पुढची आडवी दांडी लगेच खाली घ्या. आणि वहिनी, ओढणी आत खोचून घ्या; उतरताना लोंबतं टोक खुर्चीत अडकलं तर खुर्ची तुमच्यासाठी थांबणार नाही.